मोतीची गोळी, आजोबांची गोळी

घरातल्या कुत्र्या-मांजरांचं वय वाढतं तसे रक्तदाब आणि हृदयविकार त्यांनाही गाठतात. त्यावरची बरीचशी औषधं आपल्याच घरातल्या औषधांच्या डब्यात असतात. दिलासा त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

रात्रीचे दोन वाजलेले. घरात सगळे गाढ झोपलेत आणि दहा-अकरा वर्षांचा पांढराशुभ्र पॉमेरेनियन हॉलमध्ये येरझारा घालतोय. बसतो, पुढचे पाय फाकवून मान लांब करतो, पुन्हा उठतो. मधूनच घशात हाडूक अडकल्यासारखा खोकतो. आजोबांची झोप मुळात कमी. ते उठून बघतात आणि म्हणतात, "काही नाही, थंडी बाधली असेल." सकाळी त्याला हळद-मधाचं चाटण मिळतं. दोनचार दिवस असेच जातात. मग एका रात्री त्याचं पोट भात्यासारखं वरखाली व्हायला लागतं, जीभ निळसर दिसते आणि सगळं घर गाडीत बसून दवाखान्याकडे धावतं.

प्राण्यांच्या दवाखान्यांना हे दृश्य नवीन नाही. ऑक्सिजन लावला जातो, इंजेक्शन दिलं जातं, आणि बहुतेक वेळा काही तासांत श्वास खाली येतो. मग डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. आजोबा चष्मा चढवून ती वाचतात आणि चकित होतात: "अगं, ही लॅसिक्स तर मी घेतो! आणि ही एनालाप्रिल म्हणजे बीपीचीच गोळी की! याला कुठलं आलंय बीपी?"

आजोबांच्या या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं.

'हार्ट फेल' म्हणजे काय नव्हे

मराठी बोलण्यात 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे डॉक्टरांनी "मोतीला हार्ट फेल्युअर आहे" असं म्हटलं की घरातल्यांच्या पायाखालची जमीनच सरकते. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते वेगळं. हृदयाचा पंप शरीराला पुरेल इतकं काम करेनासा झालाय आणि त्यामुळे फुप्फुसात किंवा पोटात पाणी साठतंय, एवढाच त्याचा अर्थ. असा कुत्रा औषधांवर अनेक महिने, कधी त्याहूनही जास्त काळ बऱ्यापैकी सुखात जगू शकतो.

दुसरा गैरसमज तुपाचा. "तरी सांगत होते, त्याला पोळीला तूप लावून देऊ नका," असं आजीचं म्हणणं असतं. माणसाला हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठून झटका येतो, तो प्रकार कुत्र्या-मांजरांत फारच क्वचित दिसतो. तुपानं मोती जाड झाला असेल, आणि जाडी वाईटच, पण त्याची झडप तुपानं बिघडलेली नाही.

लहान चणीच्या कुत्र्यांत, म्हणजे पॉमेरेनियन, डॅशहंड, पूडल, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल अशांत, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वयोमानानं जाड आणि वेडीवाकडी होते. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह झिजला की वर चढवलेलं पाणी परत खाली गळतं, तसंच हे. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलट दिशेनं जातं. डॉक्टरांना नळीतून 'फुस्स' असा आवाज ऐकू येतो, त्याला मर्मर म्हणतात. हा आवाज कधी कधी वर्षानुवर्षं असतो आणि कुत्रा मजेत असतो. हळूहळू मात्र डावा वरचा कप्पा फुगत जातो, मागे फुप्फुसात दाब वाढतो आणि शेवटी तिथे पाणी उतरतं.

मूत्रपिंडांना या सगळ्याची चुकीची बातमी मिळते. रक्त कमी पोहोचतंय म्हणजे शरीरातलं पाणी कमी झालं, अशा समजुतीनं ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. आधीच थकलेल्या हृदयावर ओझं आणखी वाढतं. एनालाप्रिल आणि बेनाझेप्रिल या गोळ्या नेमकी हीच साखळी तोडतात. त्या बीपीच्या म्हणून प्रसिद्ध असल्या तरी मोतीला त्या बीपीसाठी दिलेल्या नसतात. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं.

या गोळ्यांचा जन्म ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापामुळे झाला. हा साप चावला की रक्तदाब धाडकन कोसळतो. त्याच्या विषाचा अभ्यास सर्जिओ फरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात केला. त्या धाग्यावरून तयार झालेलं कॅप्टोप्रिल १९८१ साली अमेरिकेत माणसांसाठी मान्य झालं. एनालाप्रिल त्याचंच धाकटं भावंड. १९९४ साली ते तिथे कुत्र्यांच्या हृदयविकारासाठीही मान्य झालं.

लघवीची गोळी आणि घरातली भांडणं

फुप्फुसात पाणी उतरल्यावर जीव वाचवणारं पहिलं औषध म्हणजे फ्रुसेमाइड, आजोबांच्या भाषेत लॅसिक्स. ते मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी बाहेर काढतं. त्याचा परिणाम तासा-दोन तासांत दिसतो आणि घरातल्यांना तो फरशीवरही दिसतो.

बऱ्याच घरांत उपचार बिघडतात ते इथेच. कुत्रा भांडंभर पाणी पितो आणि दर तीन तासांनी बाहेर न्यावा लागतो. चौथ्या मजल्यावरच्या घरात, लिफ्ट बंद असताना, नोकरी करणाऱ्या सूनबाईंनी हे कसं सांभाळावं? मग कुणीतरी युक्ती काढतं, की संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं. किंवा पाहुणे यायचे म्हणून दोन दिवस गोळी बंद. या दोन्ही युक्त्या जिवावर बेततात. लघवीची गोळी चालू असताना पाणी तोडलं तर मूत्रपिंडं कोरडी पडतात. गोळी तोडली तर पाणी पुन्हा फुप्फुसात भरतं. त्यापेक्षा बाथरूमच्या कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं टाकावीत, गोळीच्या वेळा घरात माणूस असेल तेव्हाच्या ठरवून घ्याव्यात, आणि अडचण डॉक्टरांना सरळ सांगावी. वेळा बदलता येतात, कधी टोरसेमाइडसारखं दुसरं औषधही देता येतं. घरातली गैरसोय डॉक्टरांना सांगायची लाज वाटते म्हणून गोळी गुपचूप बंद करणारे लोक खूप असतात, आणि मोती ते सांगू शकत नाही.

फ्रुसेमाइड आणि एनालाप्रिल ही जोडी कामाची असली तरी मूत्रपिंडांना ती जड जाऊ शकते. म्हणून औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. ही तपासणी म्हणजे डॉक्टरांची कमाई, असं समजून टाळणं महागात पडतं. कुत्र्याला उलट्या किंवा जुलाब झाले, त्यानं जेवण सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी मात्रा तीच ठेवायची की कमी करायची, हे त्यांनीच ठरवायचं असतं. स्पायरोनोलॅक्टोन हेही याच कुटुंबातलं सौम्य औषध, बहुधा या दोघांच्या जोडीला दिलं जातं.

डिजॉक्सिन मात्र वेगळ्या जातीचं. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरानं १७८५ साली फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांविषयी पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे औषध वापरात आहे. आज ते मुख्यतः हृदयाचे ठोके अनियमित आणि फार जलद होतात तेव्हा देतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडंच असतं. भूक जाणं आणि उलटी होणं ही जास्त झाल्याची पहिली खूण.

पंधरा महिन्यांचा हिशेब

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुत्र्यांच्या हृदयविकारात सर्वांत मोठा फरक पाडला तो पिमोबेंडन या औषधानं. माणसांसाठी ते जपानबाहेर फारसं रूढ झालं नाही, त्यामुळे आजोबांच्या डब्यात ते सापडायचं नाही. ते हृदयाच्या स्नायूला जोर देतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे बैलाला ताकद आणि गाडीचं ओझं कमी, अशी दोन्ही कामं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्वेस्ट' या अभ्यासात हार्ट फेल्युअर झालेल्या कुत्र्यांच्या दोन गटांना नेहमीच्या औषधांबरोबर एकाला पिमोबेंडन आणि दुसऱ्याला बेनाझेप्रिल दिलं. आजार हाताबाहेर जाईपर्यंतचा मध्यम काळ पिमोबेंडनच्या गटात २६७ दिवस, तर दुसऱ्या गटात १४० दिवस निघाला.

पण फुप्फुसात पाणी उतरण्याआधीच औषध दिलं तर? एनालाप्रिलनं ते साधत नाही, असं स्कँडिनेव्हियातल्या एका अभ्यासात २००२ साली दिसलं होतं. मग ११ देशांतल्या ३६ केंद्रांनी मिळून ३६० कुत्र्यांवर 'एपिक' नावाचा अभ्यास केला. हे कुत्रे वरून ठणठणीत होते, पण त्यांना मर्मर होती आणि हृदय फुगलेलं होतं. निम्म्यांना पिमोबेंडन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला, की अभ्यास वेळेआधीच थांबवला गेला. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. हार्ट फेल्युअर होईपर्यंतचा किंवा हृदयविकारानं मृत्यू येईपर्यंतचा मध्यम काळ बिनऔषधाच्या गटात ७६६ दिवस आणि औषधाच्या गटात १२२८ दिवस होता. म्हणजे सुमारे १५ महिने जास्त. दहा वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने थोडे नव्हेत.

यात एक अट मात्र आहे. हृदय खरोखर फुगलेलं असलं पाहिजे, आणि ते एक्सरे आणि सोनोग्राफीनं ठरतं. नुसती मर्मर ऐकून सुरू करायचं हे औषध नव्हे. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला गुण आला म्हणून आपल्याकडे सुरू करण्याचं तर नव्हेच. प्राण्यांच्या हृदयाची सोनोग्राफी सगळीकडे होत नाही. पण मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांबरोबरच पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईचं महाविद्यालय १८८६ सालचं, चेन्नईच्या वेपेरीतलं १९०३ सालचं. देशाच्या इतर भागांतही अशी महाविद्यालयं आहेत आणि तिथला खर्च खासगीपेक्षा सहसा कमी असतो. पिमोबेंडन रिकाम्या पोटी, जेवणाच्या साधारण तासभर आधी देतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

डॉबरमनसारख्या मोठ्या कुत्र्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्यात हृदयाचा स्नायूच पातळ आणि सैल होतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एखाद्या दिवशी कुत्रा धावता धावता कोसळतो. त्यांनाही पिमोबेंडनचा लवकर दिल्यास उपयोग होतो, असं २०१२ सालच्या अभ्यासात दिसलं. म्हणून घरी डॉबरमन असेल तर मध्यम वयातच तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

मांजर भिंतीला धडकतं तेव्हा

खरा वाढलेला रक्तदाब, आजोबांच्या अर्थानं बीपी, हा मात्र मुख्यतः म्हाताऱ्या मांजरांचा आजार. कुत्र्यांत तो मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह किंवा कुशिंग या ग्रंथींच्या आजारासोबत येतो. मांजरात त्यामागे बहुतेकदा मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा थायरॉइड असतं. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. मग एके दिवशी बारा-तेरा वर्षांची मनी खुर्चीला धडकते, उडी मारताना अंदाज चुकतो, भर उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहतात. वाढलेल्या दाबानं डोळ्यातला पडदा सुटलेला असतो. "म्हातारपणानं दिसेनासं झालं," म्हणून घरातले गप्प बसतात. प्रत्यक्षात ही तातडीची वेळ असते. त्याच दिवशी उपचार सुरू झाले तर काही मांजरांची नजर थोडीफार परत येते. उशीर झाला की ती गेलीच.

मांजराचा रक्तदाब मोजणं हा सबुरीचा खेळ आहे. पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधतात. पण शेजारी कुत्रं भुंकत असेल तर भीतीनंच आकडा चढतो. म्हणून मांजराला आधी पाच-दहा मिनिटं शांत बसू द्यायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी काढायची. वरचा आकडा सतत १६० किंवा त्याहून जास्त आला तर औषधाचा विचार होतो, १८०च्या वर गेला तर डोळे, मेंदू, मूत्रपिंडं सगळीच धोक्यात. एकदाच पट्टा बांधून, मांजर हातापायांनी झगडत असताना घेतलेल्या आकड्यावर औषध सुरू झालं असेल तर पुन्हा मोजायची विनंती करण्यात गैर काही नाही.

औषध मात्र ओळखीचं. अ‍ॅम्लोडिपिन. मांजराचा रक्तदाब ते साधारण ३० ते ५० अंकांनी खाली आणतं. २०१८पासून युरोप-अमेरिकेत टेलमिसार्टन हे मांजरांसाठी पातळ औषधाच्या रूपात मान्य आहे. हेही नाव आजोबांना चांगलं ठाऊक.

मांजराच्या हृदयाचा नेहमीचा आजार म्हणजे भिंती जाड होणं. मेन कून जातीच्या मांजरांत यामागचा एक जनुकीय दोष २००५ साली सापडला, पण साध्या देशी मांजरालाही हा आजार होतो. हृदय बिघडलेलं मांजर कुत्र्यासारखं खोकत नाही. ते कोपऱ्यात दडून बसतं आणि जोरात श्वास घेतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. दुसरी भीती रक्ताच्या गाठीची. गाठ निसटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकली की मांजर किंचाळतं, मागचे पाय लुळे आणि गार पडतात. ती टाळायला क्लोपिडोग्रेल देतात, तेही ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा जेमतेम पाव भाग. २०१५ सालच्या अभ्यासात अशी गाठ एकदा होऊन गेलेल्या मांजरांत ते अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं. चव मात्र इतकी कडू, की मांजराच्या तोंडाला फेस येतो. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून दिलं तर निभतं. जाड झालेल्या भिंतींवर उपचार म्हणून सिरोलिमस या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२५ मध्ये सशर्त मान्यता दिली आहे.

दूधभातावर वाढवलेल्या मांजरांच्या घरी एक गोष्ट नक्की माहीत हवी. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदय सैल पडतं, हे कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन यांनी १९८७ साली दाखवून दिलं. वेळीच टॉरिन दिलं तर हे हृदय पुष्कळदा सुधारतं, असंही त्यांना आढळलं. घर शाकाहारी असेल तर कुत्र्याचं एकवेळ निभेल, मांजराचं निभत नाही. त्याला तयार मांजरखाद्य आणावंच लागतं.

एकाच डब्यात दोघांची औषधं

आजोबांच्या डब्याकडे परत यायला हवं. नावं तीच म्हणून गोळी तीच, हा समज जीवघेणा आहे. अ‍ॅम्लोडिपिनची साधी गोळी ५ मिलिग्रॅमची असते. मांजराची सुरुवातीची मात्रा असते ०.६२५ मिलिग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा आठवा हिस्सा! आणि आजकाल बीपीच्या गोळ्यांच्या नावापुढे 'एएम', 'एच' अशी अक्षरं असतात. त्यांचा अर्थ एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र. केमिस्टनं "हीच आहे, चालेल" म्हणून तसली गोळी दिली तर ती परत करावी.

याच्या उलटही घडतं. आजोबांच्या हातातून गोळी पडते, मोती ती चाटूनपुसून खातो आणि कुणाला पत्ता नसतो. असं झालं तर पाकीट घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं. आणि खोकणाऱ्या, लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली दुखण्याची गोळी द्यायचीच नाही. आयब्युप्रोफेन हृदयाच्या औषधांसोबत मूत्रपिंडांचा घात करतं. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच.

गोळी पोळीच्या तूप लावलेल्या गोळ्यात, पनीरच्या तुकड्यात किंवा केळ्यात लपवता येते. मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला वर्ज्य. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, चीज आणि खारा बांगडा यांतलं मीठ आजारी हृदयाला नको. टेबलाखालून हळूच दिलेला पापडाचा तुकडा एरवी कौतुकाचा असतो. अशा घरात तो लघवीच्या गोळीचं काम अर्धं करून टाकतो.

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे आणि ती घरीच होते. कुत्रं किंवा मांजर गाढ झोपलेलं असताना छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. बहुतेकांचा आकडा ३०च्या आत असतो. हृदयविकार औषधांनी ताब्यात असेल तरीही तो तिथेच राहतो. धापा टाकताना किंवा स्वप्नात पाय झाडत असताना मोजलेलं धरायचं नाही. हा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिता येतो. २२, २४, २३ असं चाललेलं असताना एका रात्री ३४ आला, तर अर्ध्या तासानं पुन्हा मोजायचं. तरीही तेवढाच असेल तर डॉक्टरांना फोन. खोकला वाढण्याआधी, जीभ निळी पडण्याआधी हा आकडाच चढतो. शिवाय लहान कुत्र्यांचा खोकला श्वासनलिका चपटल्यानंही येतो, त्यामुळे नुसत्या खोकल्यापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम फार आवडतं आणि ती ते मोठ्यांपेक्षा नेमानं करतात.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना गोळ्या मोजून, चार दिवसांच्या जास्तच घ्याव्यात. फ्रुसेमाइड तालुक्याच्या केमिस्टकडे मिळेल, पिमोबेंडन मिळेलच असं नाही. पिशवीत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि कालनिर्णयावरून उतरवून घेतलेले महिनाभराचे आकडे असावेत. गावच्या गुरांच्या डॉक्टरांनी मोतीला आधी कधीच पाहिलेलं नसतं, आणि रात्री दोन वाजता त्यांच्या दारात उभं राहिल्यावर सांगायला वेळही नसतो.